यंत्रावरची धाबळी

"हात पुढे कर," सर म्हणाले.

मी केले. दोन्ही. आधी तळवे वर. मग त्यांनी बोटाने खूण केली, तेव्हा तळवे खाली. शाळेत नखं तपासतात तसे. पण मी शाळेत नव्हते. एम.एस्सी. झालेली, औषधांच्या कंपनीत नोकरी करणारी, पांढरा कोट घातलेली बाई होते. समोर मुख्य कचेरीतून आलेले पाहुणे चहाचे कप धरून उभे होते.

सर आमच्या विभागाचे प्रमुख. त्यांच्या मागे संगणकाच्या पडद्यावर आलेख होता. नुसते टोकदार सुळके. त्यातल्या काहींवर त्यांनी पेन टेकवलं. "हे आमचं एन्झाइम नाही. हे केराटिन. कातडी, केस, कोंडा. आम्ही इकडे नवं औषध शोधतोय आणि सापडतंय काय, तर हिची कातडी."

पाहुणे हसले. वाईट नाही हसले, चहाबरोबर हसतात तसे हसले. त्यातल्या एकाने माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," तो म्हणाला, आणि पुन्हा माझ्या हातांकडे बघितलं. आडनावानंतरचं हे 'अच्छा' मला लहानपणापासून पाठ आहे. मग सरांनी आवाज मऊ करून विचारलं, "घरी पाण्याची सोय आहे ना गं? रोज अंघोळ होते ना?"

मी म्हणाले, "हो सर."

त्यांनी विचारलं याचा राग आहेच. पण मी उत्तर दिलं, तेही मान खाली घालून, त्याचा जास्त आहे. ते "हो सर" इतकी वर्षं झाली तरी माझ्या घशातून खाली उतरलेलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आम्ही कोपरखैरण्याला राहायचो, एका खोलीच्या बैठ्या घरात. आबा तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. कांदाबटाट्याच्या गोणी वाहायचे. आईआबा साताऱ्याकडून आलेले. गावात आमची वस्ती ओढ्यापलीकडे होती, एवढं सांगितलं की कळणाऱ्याला कळतं. आबा म्हणायचे, इकडं बरं हाय, गोणी कुणाच्या पाठीवर हाय ते कुणी इचारत न्हाई. मलाही वाटायचं, इकडे बरं आहे. शिकले. स्कॉलरशिपवर शिकले, हे लपवत नाही. रबाळ्याच्या कंपनीत संशोधन विभागात लागले तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले. कुणी विचारलं, पोरगी करते काय, तर सांगायची, "औषध करनाऱ्या जंतूंवर काम करती." चुकीचं नव्हतं ते.

मातीतले काही जंतू दुसऱ्या जंतूंना मारायला स्वतःचं औषध बनवतात. अमिनो आम्लांचे मणी जोडून केलेली छोटी साखळी. ती साखळी गुंफणारं एन्झाइम मात्र अवाढव्य असतं, आणि त्याला जणू ओळीने हात असतात. प्रत्येक हात आपापला मणी उचलतो, धरून ठेवतो, आलेल्या साखळीला जोडतो आणि पुढच्या हातात देतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आबांची टोळी आठवली. एक जण गाडीतून गोणी देतो, दुसरा पाठीवर घेतो, तिसरा थप्पीला लावतो. कुणी मधेच थांबला तर सगळं थांबतं. जुनी औषधं ज्या जंतूंना लागू पडेनाशी झाली होती, त्यांच्यासाठी नवी साखळी हवी होती. त्यासाठी आधी कळायला हवं होतं की कुठला हात कुठला मणी धरतो.

हात डोळ्यांना दिसत नाहीत. मग तो भरलेला आहे की रिकामा, हे वजनावरून ठरवायचं. बाजाराच्या काट्यावर ट्रक आधी रिकामा तोलतात, मग भरलेला. तसंच. एन्झाइमचे तुकडे करायचे, ज्या तुकड्यावर हात आहे तो तोलायचा. नेहमीपेक्षा जड निघाला तर मणी त्याने धरलाय. हे तोलायचं यंत्र म्हणजे मास स्पेक. पोलादाच्या ताटलीवर थेंब सुकवायचा, त्यावर लेझरचा झटका मारायचा, तुकडे उडतात आणि पोकळ नळीतून धावतात. हलके आधी पोचतात, जड मागून येतात. त्यावरून वजन कळतं. मला त्या यंत्राचं वेड लागलं होतं. लाजत सांगत नाही, प्रेमच होतं ते. जंतू वाढवणं, एन्झाइम वेगळं करणं, त्याचे तुकडे करणं, सगळं मी करायचे. पण यंत्रासमोरची खुर्ची सरांनी मला दिली नव्हती. ती मला हवी होती. मी तयार केलेला तुकडा मी स्वतः तोलणार, एवढंच माझं स्वप्न होतं.

यंत्र परदेशातून आलं ते दसऱ्याच्या आधी. खंडेनवमीला पूजा झाली. नारळ, झेंडू, हळदकुंकू. हे आपल्याकडे सगळीकडे होतं, त्याचं मला काही नव्हतं. पण सरांनी घरून एक धाबळी आणली होती. धाबळी म्हणजे सोवळ्यात नेसायचं लोकरीचं वस्त्र. तांबडी, जुनी, त्यांच्या वडिलांच्या पूजेतली. ती त्यांनी यंत्रावर घातली. म्हणाले, "सोवळ्यातलं वस्त्र आहे. धूळ बसणार नाही आणि यंत्रही राहील नीट."

तेव्हापासून रोज सकाळी सर येणार, स्वतः धाबळी काढणार, बाजूच्या टेबलावर घडी करून ठेवणार. संध्याकाळी स्वतः घालणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. थेंब सुकत असताना त्यावर धूळ पडू नये म्हणून ताटलीवरही तिचाच पदर ओढायचे. यंत्र चालवायला शबाना होती. उरणजवळच्या गावातली, तिच्या घराण्यात पहिली नोकरीवाली. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्या कापडाला तुला पन नको बोललेत ना? मला पन नको बोललेत. आपन दोघी एकाच पंगतीला." आम्ही दोघी खूप हसलो. तेव्हा हसू येत होतं.

मग केराटिनचे सुळके यायला लागले. एवढे मोठे की एन्झाइमचा तुकडा त्यात बुडून जायचा. या कामात केराटिन सगळ्यांना छळतं, ते नवल नाही. माणूस वावरतो तिथे त्याच्या अंगाचा चुरा पडतो. नवल हे की सरांनी कारण शोधलंच नाही. त्यांना ते आधीच ठाऊक होतं. विभागात सगळे जण नमुन्यांना हात लावायचे. बोट माझ्याकडे वळलं, आणि पाहुण्यांसमोर हात दाखवायची वेळ आली ती तेव्हाच. सर बाकीच्यांना 'तुम्ही' म्हणायचे, मला 'तू'. मी इतके दिवस समजत होते की लेकीसारखी मानतात.

आधी मला दोन हातमोजे एकावर एक घालायला लावले. मग टोपी. मग सांगितलं, केसांना तेल लावून येऊ नकोस. मग नमुना माझ्या हातातून कुणी घेईना. मी नळी टेबलावर ठेवायची, लांब व्हायचं, मग दुसऱ्याने उचलायची. कुणी असा नियम केला नव्हता. तसं आपोआप व्हायला लागलं. आई लहानपणची एक गोष्ट सांगायची. दुकानदार मीठ पुडीत बांधून ओट्यावर टाकायचा आणि तिने तिथून उचलायचं. मला वाटायचं, ते गावचं, जुनं. रबाळ्याच्या वातानुकूलित खोलीत मी नळी टेबलावर ठेवून मागे सरले तेव्हा ती पुडी मला दिसली.

तरी मी काय केलं? भांडले नाही. हात धुतले. स्पिरिटने कोपरापर्यंत पुसायचे, कातडी फुटून रक्त येईपर्यंत. आणि कातडी फुटली की चुरा आणखी पडतो, हे कळण्याइतकं शास्त्र मी शिकले होते. तरी घासत राहिले. केस कापले. आई माझ्या केसांना दर रविवारी खोबरेल लावायची, त्या केसांचा तिला केवढा अभिमान. कापून आले, आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत साबणाची नवी कोरी वडी होती. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, "तुला बरा पडंल. वासाचा हाय." माझ्याकडे न बघता म्हणाली. मी तो साबण वापरला, हेही सांगते.

पण खरं पुढेच आहे. मी घरी सगळं समजावून सांगितलं होतं. शिकलेल्या पोरी सांगतात तसं, उत्साहाने. आपल्या अंगावरून सारखा कातडीचा चुरा पडतो, कपड्यांना चिकटतो, कोटाबरोबर कंपनीत जातो, आणि यंत्राला तेवढाही कळतो. आबा मन लावून ऐकत होते. त्यांना माझ्या कामाचं भारी कौतुक.

मी पहिलीत गेले तेव्हापासून आबांची एक सवय होती. मी निघाले की डोक्यावर हात ठेवायचे. गोण्यांनी घट्टे पडलेला जड हात. तोंडाने नुसतं "जा" म्हणायचे. परीक्षेला, मुलाखतीला, रोज नोकरीला निघताना. त्या दिवशी त्यांनी हात उचलला, डोक्याजवळ आणला आणि तिथूनच मागे घेतला.

"काय झालं?" मी म्हणाले.

"नगं बाय. मी बाजारातनं आल्याला. तुझ्या कामाला काय बी लागायला नगं."

मग जेवताना ते दाराशी बसायला लागले. माझा कोट वाळत असेल तर त्या दोरीखालून वाकून, अंग चोरून जायचे. एकदा मी जवळ जाऊन बसले तर सरकले. रागाने नाही. जपून. आपल्या लेकीच्या जवळून आपणच बाजूला व्हायचं, आणि ते तिच्या भल्यासाठी, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ज्या माणसाने गाव सोडलं ते याच्यापायी, त्याच्या घरात ते मी कोटाच्या पिशवीतून आणलं होतं. मी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी रडले. कंपनीच्या बाथरूममध्ये, नळ सोडून.

मध्ये चुलतबहिणीचं लग्न निघालं. आठवडाभर मी गावाला होते. परत आले तेव्हा शबाना फाटकाशीच थांबली होती.

"तू नव्हतीस ना, तवा पन आलं ते."

"काय?"

"तुझी कातडी," ती म्हणाली. "तू साताऱ्याला आनि तुझी कातडी इथं. सरांना बोलले मी. ते बोलतात, द्रावनं तिनंच बनवलीत ना जाताना."

मी म्हणाले, खरंच की, द्रावणं मीच बनवली होती. शबाना म्हणाली, "तुला पन असंच वाटतं? तू पन त्यांच्याच बाजूची हाय का?"

तिचं ते वाक्य मला लागलं. चांगलंच लागलं. कारण उत्तर हो होतं. मी शास्त्र शिकलेली. कुठलंही वजन करायच्या आधी रिकामं भांडं तोलायचं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. बाजारातला व्यापारी रिकामा ट्रक तोलल्याशिवाय भरलेल्याचं वजन मान्य करत नाही. इतक्या महिन्यांत आम्ही एकदाही नुसत्या पाण्याचा थेंब ताटलीवर ठेवून बघितला नव्हता. सरांनी सांगितलं नाही, कारण त्यांना गरज वाटली नाही. पण मीही म्हटलं नव्हतं. गुन्हेगार ठरलेला माणूस मीच, आणि तपासही मी केला नाही. आतून कुठेतरी मी ते मानून बसले होते. असेल माझीच घाण, असं.

सर जेवायला गेले. शबानाने बाटलीतलं शुद्ध पाणी घेतलं. माझं नाही, दुसऱ्या विभागातून मागून आणलेलं. दोन ताटल्यांवर थेंब सोडले. एक रोजच्यासारखी, सरांनी ओढून ठेवलेल्या धाबळीच्या पदराखाली सरकवून सुकवली, एक काचेच्या झाकणाखाली. मी दारातच उभी होते. आत गेले नाही. मुद्दामच. झाकणाखालचा थेंब स्वच्छ निघाला. धाबळीखालच्यात तेच सगळे सुळके, ओळीने, माझ्या नावावर लावलेले. शबानाने ताटली उजेडात धरली. सुकलेल्या थेंबात बारीक तांबडा तंतू आडवा पडला होता.

लोकर. मेंढीच्या अंगावरची. तीही केराटिनच.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी भिंतीला टेकून माझ्या फुटलेल्या कोपरांकडे बघत होते.

दोन्ही आलेख मी सरांच्या टेबलावर ठेवले. एकटी गेले, कुणाला बरोबर घेतलं नाही. त्यांनी ते बघितले. खूप वेळ बघितले, हुशार माणूस होता, पहिल्या नजरेतच समजलं असणार. मग म्हणाले, "लोकर बाटत नसते."

"बाटत नसेल सर. पण झडते."

ते म्हणाले, "धाबळीला हात कुणी लावला?"

एवढं एकच त्यांनी विचारलं. मी सांगितलं, कुणी नाही, तुम्हीच पदर ओढता तसा ओढलेला होता. दुसऱ्या दिवशी धाबळी नव्हती. तिच्या जागी प्लास्टिकची खोळ होती. मला कुणी काही म्हणालं नाही. नळ्या टेबलावरूनच उचलल्या जात होत्या.

पुढच्या आठवड्यात एन्झाइमचा तो हात सापडला. सर बाहेरगावी होते. शबानाने खुर्ची माझ्याकडे लोटली. "बस. तुझा हाय तो तुकडा, तूच बघ." मी बसले. लेझरचा झटका दिला. रिकाम्या हाताचा सुळका आला आणि त्याच्या पुढे दुसरा. बरोबर एका मण्याइतका जड. इतक्या वेळा कागदावर मांडलेलं गणित समोर उभं होतं. माझ्या एन्झाइमने मणी हातात धरलेला होता, पुढच्याला द्यायला. पहिल्यांदा मनात आलं की आबांना सांगावं. मग आठवलं, सांगितलं तर ते दारापासून ऐकतील.

महिन्याभराने तेच पाहुणे आले. पुन्हा चहा, पुन्हा पडदा. आता सुळके स्वच्छ. सर खुशीत होते. सगळं समजावून झाल्यावर म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही बघितलंत ना? शिस्त लावली की होतं. स्वच्छता अंगात नसते, शिकवावी लागते. हिने शिकून घेतली." माझ्याकडे वळले. हसून, अगदी कौतुकाने म्हणाले, "दाखव गं हात."

सगळे माझ्याकडे बघत होते. हसऱ्या तोंडाने. या वेळी अपमान करायचा नव्हता त्यांना. बक्षीस द्यायचं होतं. एवढंच करायचं होतं, हात पुढे करायचे. खुर्ची मिळाली असती. नोकरी पक्की झाली असती.

मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"नाही दाखवणार."

"काय?"

"हात तेव्हाही हेच होते, सर. यंत्रावर धाबळी तुमची होती. लोकर होती ती. माझी कातडी नव्हती." मी थांबले नाही. "आणि माझी कातडी असती तरी हात दाखवायचे नव्हते मला. इथे सगळ्यांच्याच अंगाला कातडी आहे. तुम्ही कधी कुणाला दाखवलेत हात?"

एका पाहुण्याने कप बशीत ठेवला. त्याचा आवाज झाला. सर म्हणाले, "तू बाहेर जा." मी गेले. शबानाने दार धरून ठेवलं होतं.

मला गोदामातल्या बाटल्या तपासायला पाठवलं. एन्झाइमच्या त्या शोधावर माझं नाव लागलं नाही. वर्ष संपायच्या आत मी ती कंपनी सोडली. दुसरीकडे पुन्हा खालून सुरुवात केली. आज मी जिथे आहे तिथे यंत्रासमोर मी बसते आणि माझ्या हाताखाली माणसं आहेत. पहिल्या दिवशी मी त्यांना एकच गोष्ट शिकवते. आधी रिकामी ताटली तोला. तोवर माणसाकडे बघायचं नाही.

पण हे सांगून मी गोष्ट गोड करणार नाही. ज्या दिवशी मी हात खिशात घातले, त्या संध्याकाळी घरी आले. आबा दाराशी बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. लोकर होती, आपलं काही नव्हतं, आबा. त्यांनी मान डोलावली. "आसंल," म्हणाले. मी त्यांच्याजवळ सरकले, त्यांचा हात धरला आणि उचलून माझ्या डोक्याकडे नेला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

"ऱ्हाऊ दे बाय. सवय झाली आता."

ते म्हातारे झालेत. अजून दाराशीच बसतात. मी निघाले की हात उचलतात आणि मांडीवर ठेवतात. लोक म्हणतात, जुनं झालं, सोडून दे, सरही आता थकले असतील. असतील. मी माझा अपमान सोडायला एक वेळ तयार होईन. आबांचा तो अर्ध्यावरून मागे गेलेला हात सोडणार नाही. तो डोक्यावर परत येईल किंवा येणार नाही, पण मी कुणालाही माफ केलेलं नाही आणि करणार नाही. आणि माझे हात कुणीही, कशासाठीही बघायला मागितले, तर ते खिशातच राहतील.